लग्नाचा केक: बटरक्रीम की फाँडंट, खरे मजले की डमी?

लग्नाच्या केकची ऑर्डर द्यायला निघालेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये पाच-सहा फोटो आधीच साठवलेले असतात. बेकरलाही फोटो हवाच असतो, त्यात वावगं काही नाही. पण फोटोत न दिसणाऱ्या दोन गोष्टी आधी सांगितल्या तर निम्मे पर्याय आपोआप गळतात: कापेपर्यंत केक किती तास बाहेर उभा राहणार, आणि तिथे उकाडा किती असणार. चव, रंग, फुलं त्यानंतर.

बाहेरून काय लावायचं

बटरक्रीम एकाच प्रकारचं नसतं, आणि बेकर कोणतं वापरतो हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बटर आणि पिठीसाखर फेटून केलेलं अमेरिकन बटरक्रीम करायला सोपं आणि वरून पातळ पापुद्रा धरणारं, पण गोड म्हणजे फारच गोड. स्विस प्रकारात अंड्याचा पांढरा भाग साखरेसोबत साधारण 70 अंशांपर्यंत गरम करून फेटतात आणि मग त्यात बटर घालतात. इटालियनमध्ये फेटलेल्या पांढऱ्या भागात 115 ते 118 अंशांचा उकळता पाक धारेने सोडतात. हे दोन्ही प्रकार रेशमी, बेताचे गोड, आणि खाणाऱ्याला आवडतात. एगलेस हवा असेल तर मात्र नेहमीच्या कृतीचे हे दोन्ही बाद.

तिन्हींचा शत्रू एकच. बटर 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं, आणि मऊ पडायला तर त्याच्या कितीतरी आधीच लागतं. भर उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या बटरक्रीमच्या केकच्या कडा आधी गोलावतात, मग खालच्या मजल्याला पोट सुटतं.

फाँडंट इथे सरस ठरतं. साखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि बहुतेक वेळा जिलेटिन मळून केलेला हा गोळा लाटून केकवर पांघरतात. गुळगुळीत पृष्ठभाग, धारदार कडा, साखरेच्या पाकळ्या, हे सगळं फाँडंटवर खुलतं आणि गरम हवेत तासन्‌तास तसंच राहतं. जिलेटिन प्राणिजन्य असतं, त्यामुळे शाकाहारी घरात हा प्रश्न विचारायलाच हवा. ओलावा मात्र फाँडंटला सोसत नाही. फ्रिजमधला केक दमट हवेत आणला की वर घाम सुटतो, पृष्ठभाग चिकट होतो आणि गडद रंग ओघळतात. शिवाय खरं सांगायचं तर बरेच लोक ते सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात.

मुळात ‘बटरक्रीम की फाँडंट’ हा प्रश्न अर्धवट आहे. फाँडंटच्या खाली काहीतरी लावलेलंच असतं, एक तर बटरक्रीम नाहीतर गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण. उन्हाला तोंड द्यायचं असेल तर खाली गनाश मागा. डार्क चॉकलेटचं असेल तर चॉकलेट आणि क्रीम 2:1, व्हाइट चॉकलेटचं असेल तर 3:1, हे घट्ट गनाशचं नेहमीचं प्रमाण. बेकर हे न अडखळता सांगू शकला तर माणूस जाणकार आहे असं समजायला हरकत नाही.

व्हिप्ड क्रीमबद्दल थोडक्यात. दुधाच्या क्रीमची चव सगळ्यांत हलकी, पण फ्रिजबाहेर ती फार वेळ टिकत नाही. नॉनडेअरी टॉपिंग जास्त वेळ उभं राहतं, पण जिभेवर तेलकट थर ठेवून जातं. ‘फ्रेश क्रीम’ म्हणून पुष्कळदा हेच मिळतं, म्हणून नक्की कोणतं ते विचारा. बाहेरून काहीच न लावलेला नेकेड केक फोटोत सुंदर दिसतो, पण उघडा स्पंज भराभर सुकतो.

माझं मत असं: एसी हॉल असेल आणि दोन-तीन तासांत केक कापायचा असेल तर स्विस बटरक्रीम. उघड्यावर, दुपारी, तर फाँडंट आणि खाली गनाश. व्हिप्ड क्रीम एकमजली केकला, तेही आयत्या वेळी फ्रिजमधून काढून.

आत फ्रूटकेक की स्पंज

ब्रिटनच्या राजघराण्यातले दोन केक शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. विल्यम आणि केट यांच्या 2011 च्या लग्नात आठ मजली फ्रूटकेक होता, वर साखरेची फुलं. हॅरी आणि मेगन यांच्या 2018 च्या लग्नात लिंबू आणि एल्डरफ्लॉवर या सुवासिक फुलाच्या चवीचा केक होता, त्यावर स्विस बटरक्रीम आणि ताजी फुलं. सुकामेवा, साखर आणि दारू यांच्या जोरावर फ्रूटकेक महिनोन्‌महिने टिकतो. तो काही आठवडे आधी भाजता येतो आणि वजनही पेलतो. स्पंज ताजाच हवा, म्हणजे बेकरची सगळी धावपळ शेवटच्या दोन दिवसांत. तरी पाहुण्यांनी पूर्ण तुकडा संपवावा असं वाटत असेल तर स्पंजच घ्या.

खरे मजले, डमी, की मागचा ट्रे

लग्नाच्या केकचा तुकडा लहान धरतात: 1 इंच बाय 2 इंच, उंची 4 इंच. या हिशेबाने 6 इंची गोल केकमधून सुमारे 12, 8 इंचीतून 24 आणि 10 इंचीतून 38 तुकडे निघतात. म्हणजे नेहमीच्या तीन मजली केकमध्ये 74. तुकडा दीड इंच रुंद कापला की हाच केक जेमतेम 50 जणांना पुरतो. बेकर ‘75 जणांना पुरेल’ म्हणाला तर कोणत्या मापाचे तुकडे, ते तिथेच विचारून घ्या.

पाहुणे 250 असतील तर तेवढा मोठा मनोरा उभारण्यात मला अर्थ दिसत नाही. समोर दोन किंवा तीन खरे मजले, आणि मागे स्वयंपाकघरात त्याच चवीचा साधा ट्रे केक. 12 बाय 18 इंचांच्या एका ट्रेमधून 2 बाय 2 चे 54 तुकडे निघतात. सजावट नसल्याने तो स्वस्त पडतो, आणि ताटलीत आलेला तुकडा कुठून आला हे कुणी विचारत नाही.

डमी म्हणजे थर्माकोलच्या मजल्यावर चढवलेली सजावट. पैसे वाचतील म्हणून लोक तिच्याकडे वळतात, पण वाचतो तो फक्त आतला केक. लाटणं, चढवणं, फुलं करणं ही मेहनत तेवढीच, आणि बिलात मोठा वाटा तिचाच असतो. उंची हवी आणि खाणारे कमी, अशा वेळीच डमीला अर्थ आहे. खरा मजला कोणता, हे सुरी हातात घेणाऱ्या दोघांनाही आधी सांगून ठेवा.

कापणाऱ्या माणसाचा विचार मात्र क्वचितच कुणी करतं. वरच्या मजल्यांचं वजन खालचा स्पंज पेलत नाही. ते पेलतात आत रोवलेल्या काड्या, म्हणजे डोवेल, आणि प्रत्येक मजल्याखालचा पुठ्ठा. म्हणून आधी मजले एकेक करून उतरवायचे, काड्या मोजून काढायच्या, मग कडेपासून 2 इंच आत गोल चीर देऊन बाहेरच्या कड्याचे तुकडे पाडायचे आणि मधल्या गोलालाही तसंच करायचं. काड्या किती आणि कुठे, हे बेकरकडून कागदावर घेऊन केटररच्या हातात द्या. लाकडी काडी कुणाच्या तोंडात जायला नको.

घरगुती बेकर की मोठी बेकरी

घरगुती बेकर चव तुमच्या सांगण्याप्रमाणे बदलून देतो आणि केक शेवटपर्यंत त्याच हातातून जातो. त्याला विचारायचं ते फ्रिजबद्दल: 10 इंची मजला खालच्या मोठ्या बोर्डासकट मावेल का? आणि ऐन वेळी आजारी पडलात तर कोण करेल? मोठ्या बेकरीत माणसं आणि गाडी असते, पण लग्नसराईत त्याच दिवशी इतरही ऑर्डरी असतात. दोन मजल्यांपर्यंत मी घरगुती बेकरकडे जाईन. चार मजले असतील तर ज्याच्याकडे गाडी आणि मदतीला दुसरा माणूस आहे त्याच्याकडे.

स्वतः केक घेऊन जाण्यात पैसे वाचतात, पण वाटेत केक बिघडला तर जबाबदारी तुमची. न्यायचाच असेल तर डिकीच्या सपाट तळावर ठेवा. सीटला उतार असतो. गाडी आधीच एसी लावून थंड करा. तीन मजले असतील तर ते सुटे नेऊन हॉलवर चढवणंच बरं.

अॅडव्हान्स देण्याआधी लेखी घ्या: प्रत्येक मजल्याची चव आणि उंची, एगलेस की नाही, किती वाजता पोचणार, कोण मांडणार, तारीख बदलली तर पैशांचं काय, स्टँड कधी परत द्यायचा. शेंगदाणे किंवा सुक्यामेव्याची अॅलर्जी कुणाला असेल तर ‘आम्ही त्यात घालत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका, त्याच भांड्यांत दुसरं काय बनतं तेही विचारा.

ताजी फुलं लावणार असाल तर ती बेकर आणणार की फुलवाला, हेही ठरवून घ्या. फुलवाल्याकडच्या फुलांवर फवारणी झालेली असू शकते. कण्हेर, लिली ऑफ द व्हॅली आणि हायड्रेंजिया तर विषारीच आहेत. ती केकच्या आसपासही नकोत. खाण्यायोग्य फुलांचे देठसुद्धा थेट केकमध्ये खुपसू देऊ नका. ते टेपमध्ये गुंडाळून बारीक नळीत घालायला सांगा, आणि केक कापायच्या आधी काढून घ्या.