फोनवरची मोफत भाषांतर ॲप्स: बाईच्या तोंडी पुरुषाचं मराठी

इंग्रजीवरून मराठी करणारी फोनवरची मोफत ॲप्स सूचना, बातम्या, माहितीपत्रकं यांना बऱ्यापैकी चालतात. गाडी अडते ती माणूस स्वतःबद्दल बोलायला लागला की. इंग्रजी वाक्यावरून बोलणारं बाई की पुरुष हे कळत नाही, मराठीत मात्र ‘जातो’ की ‘जाते’ ते ठरवावंच लागतं. मग ज्या मजकुरावरून ॲप शिकलं त्यात जे रूप जास्त दिसलं तेच ते वापरतं, आणि ते बहुधा ‘जातो’ असतं.

सगळीच वाक्यं बिघडत नाहीत. ‘मी जाईन’ दोघांनाही चालतं. ‘मी भाजी आणली’ यात क्रियापद भाजीप्रमाणे बदलतं, तिथेही निभावतं. पण येणे, निघणे, थकणे, शिवाय कर्म असूनही कर्त्याप्रमाणे चालणारी विसरणे, शिकणे, बोलणे, इथे हमखास घोळ. सर्वांत त्रासदायक ‘शकणे’, कारण मदतीच्या वाक्यांत ते सतत येतं. बाईच्या आवाजात ‘मी आपली काय मदत करू शकतो?’ ऐकू येतं ते यामुळेच.

हिंदीवरून केलं तरी सुटका नाही. मधे इंग्रजीचा टप्पा असेल तर ‘मैं भूल गई’चं ‘मी विसरलो’ होतं. आणि ॲपने दिलेलं ‘डॉक्टर आला, नर्स आली’ हे तर दुहेरी चुकीचं: लिंग अंदाजाने ठरवलेलं, वर आदरार्थी रूपही गेलं. आपण ‘डॉक्टर आले’ किंवा ‘आल्या’ म्हणतो.

बोलून टाइप करायची सोय मात्र खरंच चांगली. ती सहसा ऐकते तेच लिहिते, ‘निघाले’चं ‘निघालो’ करत नाही. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात, तेही तसंच उतरतं, आणि ते तसंच राहू द्यावं.

भाषांतरच हवं असेल तर वाक्य आधी वळवून घ्या. ‘पासवर्ड विसरलो’ऐवजी ‘पासवर्ड आठवत नाही’, ‘मदत करू शकतो’ऐवजी ‘मदत करता येईल’. ॲप किंवा संकेतस्थळाचा मजकूर लिहिणाऱ्यांनी तर हेच करावं. बाईचा जबाब किंवा दवाखान्यात द्यायची माहिती तपासल्याशिवाय पुढे पाठवूच नये. तपासताना ‘-तो’ आणि ‘-लो’ शोधा, आणि विशेषणंही बघा. नुसतं क्रियापद बदललं तर ‘मी एकटा राहते’ असं वाक्य मागे उरतं.