हेडफोन अ‍ॅम्प: स्वस्त की महागडा?

हेडफोन अ‍ॅम्प म्हणजे हेडफोनला जोर पुरवण्यासाठी सिग्नल वाढवणारं उपकरण. आधी स्वस्ताची बाजू, कारण तीच जास्त भक्कम आहे. २०११ साली 'ऑब्जेक्टिव्ह २' या अ‍ॅम्पचा आराखडा सर्वांसाठी खुला झाला आणि कमी खर्चातही विकृती व खरखर कानाला जाणवणार नाही इतकी खाली आणता येते, हे दिसून आलं. आजच्या चांगल्या स्वस्त अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर जाणाऱ्या प्रवाहाला अ‍ॅम्पचा स्वतःचा विद्युत अवरोध) बहुधा १ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंत चालतो.

गंमत अशी की काही महागडे ट्यूब अ‍ॅम्प (ट्रान्झिस्टरऐवजी जुन्या धाटणीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारे) हा नियम सर्रास मोडतात. त्यांतल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्यांचा आउटपुट इम्पिडन्स कित्येक दहा ओहमांच्या घरात असू शकतो. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनवर त्यामुळे बास थोडा फुगतो. कित्येकांना तोच 'उबदार' आवाज आवडतो. आवडू दे, पण ती अचूकता नव्हे.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? ताकद, बॅलन्स्ड आउटपुट (प्रत्येक कानाला एकमेकांच्या उलट अशा दोन सिग्नलांनी चालवणारी जोडणी), दणकट बांधणी, लोण्यासारखी फिरणारी व्हॉल्यूमची खुंटी. हट्टी प्लेनर (चुंबकांमधल्या सपाट पडद्याने आवाज काढणाऱ्या) हेडफोनला ताकद खरंच लागते. मात्र वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल.

दोन्ही ऐकून ठरवायचं असेल तर आवाजाची पातळी मोजून सारखी करा. किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प हमखास सरस वाटतो. मी स्वतः फसलोय.