पोतं टांगून दाखवलं म्हणून मॅग्नेट घेऊ नका, मी घेतले आणि फसलो

आमची खानापूर रोडच्या बाजूला पिठाची गिरण आहे, जोंधळा, गहू, नाचणा सगळं दळायला येतं. सुगी झाली की धान्यातनं काय काय येतं ते गिरणीवाल्यालाच माहीत, तारेचे तुकडे, पिना, मळणी मशीनचा एखादा नट, आणि ते दगडात गेलं की ठिणगी उडते, दगड खराब होतो आणि बारीक चुरा पिठात जातो. लोकांची लहान पोरं ते पीठ खातात, त्यामुळं मॅग्नेट बसवायचं बरेच दिवस डोक्यात होतं.

तेवढ्यात एकजण बाईकवरनं आला. बॅगेतनं स्टीलच्या वाटीत बसवलेला गोल मॅग्नेट काढला, ६० मिलीमीटरचा, मागं हूक, वर छापलेलं १२० किलो. माझ्याच शेडच्या गर्डरला तो चिकटवला आणि हुकाला जोंधळ्याचं ५० किलोचं पोतं अडकवलं. पोतं लोंबकळत राहिलं, मॅग्नेट जागचा हलला नाही. म्हणाला, "मालक, पोतं धरतोय तो खिळा सोडतोय होय?" मला पटलं. सहा नग, १,६०० ला एक, ९,६०० रोख दिले आणि बिल मागितलं नाही, ही माझी मोठी चूक. दोन दिवसांनी माल आणून दिला आणि हॉपरखालच्या, म्हणजे धान्य ओततो त्या चाडीखालच्या, पत्र्याच्या चौकोनी नळीला बाहेरनं लावा म्हणाला, तसे लावले.

आठवड्यात एक आज्जी डबा परत घेऊन आल्या. कागदाची पुडी सोडली, आत बोटाच्या पेराएवढा तारेचा तुकडा. "चाळताना घावला बघ बाळ," एवढंच म्हणाल्या, पण मला तोंड वर करवेना. गिरण बंद करून नळी उघडली तर आतनं पत्र्याला एक पिन सुद्धा चिकटलेली नव्हती.

माझा भाचा उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, तो रविवारी लटकता काटा घेऊन आला. १२ मिलीच्या साफ प्लेटला मॅग्नेट लावून सरळ ओढला, ३१ किलोला सुटला. मधे जुनी लग्नपत्रिका घातली तर २४, चार पत्रिका घातल्या तर ११. म्हणाला, "मामा, किलोचा आकडा असतो तो जाड, गुळगुळीत लोखंडाला तोंड पूर्ण टेकलेलं असताना सरळ ओढून काढलेला, उभ्या पत्र्यावरनं खाली घसरायला तर त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा सुद्धा बास होतो." मग हीटगननं गोंद तापवून वाटीतली चकती काढली, काळी फेराइट, म्हणजे साध्या स्वस्त मॅग्नेटची, निघाली! दाखवलेला निओडिमियम, म्हणजे महागातला जास्त जोराचा मॅग्नेट होता, वर निकेलचा चकचकीत मुलामा असलेला, आणि दिलेला हा. वजनात सुद्धा फरक असतो, एक घन सेंटिमीटर निओडिमियम साधारण साडेसात ग्रॅम भरतो, फेराइट पाचच्या आसपास, पण वाटीत बसवून वर गोंद ओतला की बाहेरनं काय कळणार.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. ती नुसती चकती प्लेटला लावली तर जेमतेम ६ किलो धरते, आणि टेबलावरचा खिळा मात्र दोन बोटं अंतरावरनं ओढते. परत वाटीत बसवली की ३१ किलो, आणि तोच खिळा अर्ध्या बोटावर न्यावा लागतो. म्हणजे स्टीलची वाटी काय करते तर चकतीच्या पाठीमागचा पोल, म्हणजे मॅग्नेटचा ध्रुव, काठावरनं फिरवून पुढच्या तोंडाला आणते, मधे एक पोल, काठाला दुसरा, समोर जाड लोखंड टेकलं की चक्कर पूर्ण होते आणि पकड कितीतरी पट वाढते, पण दोन्ही पोल इतके जवळ आले की सगळा जोर तिथल्या तिथंच फिरतो, लांब पोचतच नाही. त्यात माझी नळी साध्या लोखंडी पत्र्याची, म्हणजे उरलासुरला जोर पत्र्यानंच स्वतःत ओढून घेतला, आत धान्यापर्यंत काय जाणार? त्यानं सहाही नग खरे निओडिमियमचे दिले असते तरी तार पिठात गेलीच असती, हे मला जास्त लागलं.

आता नळीचा एक तुकडा ३०४ स्टेनलेसचा केलाय, त्याला मॅग्नेट ओढत नाही, आणि आत धान्याच्या वाटेतच २५ मिलीच्या निओडिमियम दांड्यांची जाळी बसवलीय, धान्य दांड्यांना घासूनच खाली पडतं. रोज संध्याकाळी पुसून घेतो, परवा कपड्यावर दोन पिना आणि चिमूटभर काळा चुरा निघाला. बिल नसल्यामुळं त्या माणसाकडनं एक रुपया परत मिळाला नाही, फोन पण उचलत नाही.

काल निपाणीकडच्या एका गिरणीवाल्याचा फोन आला, त्याच्याकडं पण असंच पोतं टांगून दाखवलंय, पैसे अजून दिलेले नाहीत. मी त्याला म्हटलं, पोतं राहू दे, एक खिळा तुझ्या नळीच्या आत धर, त्याला बाहेरनं मॅग्नेट लावायला सांग आणि खिळा सोडून बघ.