मिलानमध्ये एकच मोकळा दिवस: आरेझे की मारानेल्लो?

मिलानला गेलात, एकच दिवस मोकळा आहे आणि गाड्यांचं वेड आहे, तर प्रश्न ठरलेला असतो. शहराला लागून असलेल्या आरेझेत अल्फा रोमिओचं म्युझियम पाहायचं, की लांबवर मारानेल्लोला फेरारीच्या दारात जायचं? बहुतेक जण क्षणभरही विचार न करता मारानेल्लो म्हणतात. मी दोन्ही पाहिली आहेत, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला मी आरेझेच सांगतो.

आधी प्रवासाचं बोलू. आरेझेला मेट्रोने रो फिएरापर्यंत जायचं आणि तिथून बस पकडायची. सकाळी निवांत निघालात तरी दुपारी परत मिलानमध्ये असाल. मारानेल्लोसाठी आधी ट्रेनने मोडेना गाठायचं, तेच मुळात 170 किलोमीटरच्या आसपास, आणि पुढे बसने आणखी वीसेक किलोमीटर. म्हणजे दिवस त्यातच जातो. बरोबर आईवडील किंवा लहान मुलं असतील तर एवढ्यानेही निर्णय होऊ शकतो. कुठेही गेलात तरी म्युझियमचे वार आणि वेळा आधी बघून घ्या.

पण माझं कारण प्रवासाचं नाही. फेरारीची गोष्ट मारानेल्लोत सुरूच होत नाही, ती अल्फात सुरू होते. फेरारीचा संस्थापक एन्झो फेरारी 1920 मध्ये अल्फाकडून शर्यतीत धावू लागला आणि त्याच वर्षी सिसिलीच्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत दुसरा आला. 1929 मध्ये त्याने मोडेनात स्कुदेरिया फेरारी ही रेसिंग टीम काढली, तीही अल्फाच्याच गाड्या पळवण्यासाठी. 1939 मध्ये अल्फा सोडताना त्याला चार वर्षं स्वतःच्या नावाने रेसिंग करायचं नाही अशी अट मान्य करावी लागली. स्वतःच्या नावाची पहिली गाडी, 125 एस, रस्त्यावर आली ती थेट 1947 मध्ये.

आरेझेत हे सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. म्युझियम 1976 चं, मधली काही वर्षं बंद होतं, 2015 मध्ये नव्याने उघडलं. सुमारे 70 गाड्या तीन विषयांत मांडल्या आहेत: कालक्रम, सौंदर्य आणि वेग. सौंदर्याच्या दालनात 33 स्त्रादाले बघायला खाली बसा, खरंच गुडघे टेकून बसा. गाडीची उंची मीटरभरही नाही आणि दाराची काच वळून थेट छतात शिरलेली. 1967 मध्ये पत्र्याला असा बाक देणाऱ्या हातांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. अशा गाड्या जेमतेम 18 बनल्या.

पुढे आरएल टार्गा फ्लोरिओ ही रेसची गाडी आहे, तिच्या बॉनेटवरचं हिरवं चार पानांचं चिन्ह बघा. 1923 मध्ये अल्फाचा ड्रायव्हर उगो सिवोच्चीने ते शुभशकुन म्हणून रंगवलं आणि टार्गा फ्लोरिओ जिंकली. त्याच सप्टेंबरमध्ये मोंझाच्या ट्रॅकवर सराव करताना त्याचा जीव गेला. त्या वेळी तो चालवत असलेल्या गाडीवर ते चिन्ह रंगवायचं राहून गेलं होतं. हा सिवोच्ची एन्झोचा जिवलग, त्यानेच एन्झोला मिलानमध्ये सीएमएन या गाड्यांच्या कंपनीत काम मिळवून दिलं होतं.

वेगाच्या दालनात अल्फेत्ता, म्हणजे 158 आणि 159, यांच्यासाठी अर्धा तास तरी ठेवा. दीड लिटरचं, आठ सिलिंडर एका ओळीत असलेलं आणि सुपरचार्जरवालं, म्हणजे जादा हवा कोंबून ताकद वाढवलेलं इंजिन. 1950 मध्ये फारीना आणि 1951 मध्ये फांजिओ याच गाड्यांवर फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले. एका लिटर इंधनात ही गाडी किलोमीटरभरही जात नसे! आणि ही 158 जन्मली कुठे, तर मोडेनात, एन्झोच्याच वर्कशॉपमध्ये. तिचा आराखडा जोआक्किनो कोलोंबोचा, ज्याने पुढे फेरारीचं पहिलं व्ही-12 इंजिन काढलं.

14 जुलै 1951 ला इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला सुपरचार्जर नसलेल्या साडेचार लिटरच्या फेरारीने, ड्रायव्हर गोन्झालेझच्या हातून, या अल्फाला हरवलं. अल्फाला तहान मोठी, टाक्या भरून धावावं लागे. फेरारी तुलनेने कमी पीत होती. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेतला फेरारीचा तो पहिला विजय. एन्झोने नंतर लिहिलं की तो आनंदाने रडला, पण आपण आपल्या आईलाच मारलं असंही त्याला वाटलं. आरेझेत त्या गाडीसमोर उभं राहिल्यावर हे वाक्य छातीत रुततं.

मग मारानेल्लोच्या फेरारी म्युझियममध्ये काय आहे? जल्लोष आहे. जगज्जेत्या फॉर्म्युला वन गाड्या अर्धवर्तुळात लावलेल्या, भिंतीवर करंडकच करंडक. जादा पैसे मोजले तर सिम्युलेटर आणि बसमधून फेरारीच्या फियोरानो या चाचणी ट्रॅकची फेरी मिळते, पण उतरता येत नाही. बाहेर रस्त्यावर भाड्याने दहा मिनिटं फेरारी चालवायला देणारी दुकानं आहेत. फॉर्म्युला वनमुळेच नाद लागलेला बारा-चौदा वर्षांचा मुलगा बरोबर असेल, तर खुशाल इथेच न्या. आरेझेतली 1910 ची 24 एचपी दाखवून त्याचा हिरमोड करू नका.

या दोन्ही घराण्यांचा आपल्याकडच्या एका ओळखीच्या नावाशी संबंध आहे. ज्या फियाटच्या गाडीवरून कुर्ल्याची पद्मिनी घडली, त्या फियाटने 1969 मध्ये फेरारीचा निम्मा हिस्सा घेतला आणि 1986 मध्ये अल्फाही घेतली.

दोन दिवस काढता आले तर पहिला आरेझेला द्या आणि दुसऱ्या दिवशी मोडेनात मुक्काम करा. तिथे स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एन्झोच्या वडिलांचं घर आणि वर्कशॉप आहे, शेजारी बॉनेटच्या आकाराचं पिवळं छप्पर असलेलं फेरारीचं दुसरं म्युझियम. मारानेल्लोला शक्यतो रेसच्या रविवारी जा. फेरारी जिंकली की गावातल्या सान बियाजो चर्चची घंटा वाजवतात.