सायंटिफिक कॅल्क्युलेटर: अवयव पाडायचं बटण एकदम भारी, स्क्रीन मात्र तोकडी

मुलीला इंजिनिअरिंगला लागणार म्हणून दादर वेस्टला स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीवाल्याकडून घेतला, पण घरात तो जास्त माझ्याच हातात असतो. कारण एकच, मूळ अवयव पाडायचं बटण. संख्या टाका, आधी बरोबरचं चिन्ह दाबा आणि मग शिफ्ट करून फॅक्ट (बरोबर दाबलं नाही तर ढिम्म हलत नाही, मॅन्युअलमध्ये हे इतक्या बारीक अक्षरात दिलंय की विचारू नका), दहा आकडी संख्या सुद्धा पटकन फोडून देतो.

स्क्रीन पण दहाच आकडी. नऊ वेळा १ लिहून, म्हणजे १११११११११ चा वर्ग मागितला की १.२३४५६७८९९ गुणिले दहाचा सोळावा घात असं सांगून मोकळा होतो आणि सगळी मजाच जाते, कारण खरं उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ आहे, उलटं वाचा सुलटं वाचा सेमच. आपले द. रा. कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर, त्यांनी अशा संख्यांना डेम्लो नंबर म्हटलं, कारण ही कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनवर सुचली, तेव्हा त्याला डेम्लो म्हणायचे. आज तिथून फास्टला लटकून येणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहितीये देव जाणे.

पण इथेच ते बटण कामाला येतं. वर्ग मावत नसला तरी १११११११११ मावते ना, तिलाच फोडा, ३ चा वर्ग × ३७ × ३३३६६७ येतं, आता सगळे घात दुप्पट करा, झालं, सतरा आकडी संख्या हातात: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. घातांमध्ये एकेक मिळवून गुणलं, ५ × ३ × ३, की विभाजक किती तेही कळतं, ४५. विषम येणारच, पूर्ण वर्ग आहे. दहा वेळा १ घेतलात तर मात्र हातचे येतात आणि नक्षी मोडते, १२३४५६७९००९८७६५४३२१, पण ते बघायला वहीच काढावी लागते.

एक स्टार कापलाय तो कंसासाठी. हा तीन आकड्यांपर्यंतचेच अवयव शोधतो, त्यामुळे १०२२११७ दिली तर तशीच कंसात घालून परत देतो, खरं तर ती १००९ × १०१३ आहे. उरलेला भाग १०१८०८१ पेक्षा, म्हणजे १००९ च्या वर्गापेक्षा लहान असेल तर तो मूळ संख्याच असतो, बिनधास्त घ्या, कंस दिसला की पुढचं डोकं आपलं आपण चालवायचं.

बटणं मऊ आहेत, कव्हर जरा घट्ट. आणि फक्त बारावीच्या पोरासाठी घेत असाल तर थांबा, बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर नेऊ देत नाहीत, तिथे लॉग टेबलच.