खल की चूल? निकेल फेराइट बनवण्याच्या दोन वाटा

बहिणीची मुलगी एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला निकेल फेराइट (निकेल, लोखंड आणि ऑक्सिजनचं चुंबकीय सिरॅमिक) मिळालंय, पण पावडर कशी बनवायची हे सरांनी तिच्यावरच सोडलंय. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावरच्या गर्दीत तिने विचारलं, "मावशी, सिरॅमिक मेथड करू का सोल-जेल?" ज्या जत्रेत सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लावतात, तिथे भट्टीचा विषय निघणं तसं रीतीला धरूनच म्हणायचं. पाळण्यांच्या गोंगाटात धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. अशा पेचात दरवर्षी बरीच मुलं असतात.

पहिली वाट खलाची, म्हणजे सिरॅमिक मेथड. 10 ग्रॅम निकेल फेराइटला 3.19 ग्रॅम निकेल ऑक्साइड आणि 6.81 ग्रॅम फेरिक ऑक्साइड लागतं. बेरीज करून बघा, बरोबर 10. काही उडून जात नाही, धूर नाही, वास नाही. अगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात थोडं अ‍ॅसिटोन घालून तीन-चार तास घोटायचं, 900 ते 1000 अंशांवर दहा-बारा तास भाजायचं, बाहेर काढून पुन्हा घोटायचं, पुन्हा भाजायचं. मग गोळी दाबून 1200 अंशांच्या पुढे सिंटरिंग, म्हणजे न वितळवता कण एकमेकांना जोडून गोळी घट्ट करणं.

एवढं घोटायचं कशाला? दोन्ही ऑक्साइड शेवटपर्यंत घनच राहतात. अणूंना एका कणातून दुसऱ्यात चालत जावं लागतं, आणि त्या चालीला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. 10 मायक्रॉनचा कण 1 मायक्रॉनवर आणला, तर तेच काम शंभरपट लवकर होतं. म्हणजे भट्टीतले तास खलात वाचतात. शेंगाचटणी उखळात सावकाश कुटली तर तेल सुटून एकजीव होते, घाईने मिक्सरला फिरवली की नुसता कूट. इथेही तसंच आहे.

दुसरी वाट चुलीची, म्हणजे सोल-जेल ऑटो-कंबशन. तेवढ्याच 10 ग्रॅमला 12.4 ग्रॅम निकेल नायट्रेट, 34.5 ग्रॅम फेरिक नायट्रेट आणि धातूंच्या एकूण मोलइतकं, म्हणजे 27 ग्रॅमच्या आसपास, सायट्रिक अ‍ॅसिड. जवळजवळ 74 ग्रॅम घालायचं आणि 10 ग्रॅम काढायचं, बाकी वाफ आणि धूर. डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून, अमोनियाने पीएच 7 वर आणून, 80-90 अंशांवर ढवळत आटवायचं. बासुंदी आटते तसं दाट होत जातं, मग जेल. तापमान आणखी वाढवलं की एका कोपऱ्यात ठिणगी पडते आणि मिनिटभरात सगळं जळून काळपट, पिसासारखी हलकी पावडर उरते. नायट्रेट प्राणवायू पुरवतं, सायट्रिक अ‍ॅसिड जळतं, भट्टीचं काम ती आगच करते. अशा ज्वलनाची वाट आपल्याकडे रुळवली ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या के. सी. पाटील यांनी. 1988 साली त्यांनी आणि किंग्सले यांनी युरिया वापरून, 500 अंशांच्या भट्टीत, पाच मिनिटांच्या आत अ‍ॅल्युमिना करून दाखवला.

इथे धातूंचे आयन पाण्यातच एकमेकांत मिसळलेले असतात, चालत जायचं अंतर जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे स्फटिक पंचवीस-तीस नॅनोमीटरचे मिळतात. आणि इथेच बहुतेक मुलं भुलतात. शीर्षकात 'नॅनो' आलं की भारी वाटतं. माझं मत उलटं आहे. आधी ठरवा की शेवटी मोजणार काय, पद्धत मग आपोआप ठरते.

गॅस सेन्सर करायचा असेल तर चूल घ्या, दुसरा विचार नको. तिथे पृष्ठभाग हवा, रंध्रं हवीत, आणि ती या पावडरीत आयती मिळतात. पण डायइलेक्ट्रिक (विद्युत क्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो ते) मोजायचं असेल तर तीच रंध्रं वैरी होतात. निकेल फेराइटची एक्स-रे घनता, म्हणजे एकही रंध्र नसताना येणारी घनता, 5.37 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास. तुमची गोळी व्हर्नियरने मोजून 3.5 आली, तर ती जेमतेम 65 टक्के भरलेली आहे, उरलेली हवा. पावसाळ्यात त्या रंध्रांत ओल शिरते आणि कमी फ्रिक्वेन्सीला आकडे फुगतात. तो गुण पाण्याचा, फेराइटचा नव्हे. चुंबकत्वाचंही तसंच. मोठ्या कणांच्या निकेल फेराइटचं संपृक्त (जास्तीत जास्त मिळणारं) चुंबकत्व 50 ईएमयू प्रति ग्रॅमच्या आसपास येतं. नॅनो कणांत पृष्ठभागावरचे स्पिन (अणूंची इवली चुंबकं) तिरके झाल्याने ते बरंच उतरतं. व्हायवाला कुणी विचारलं, तर "कमी का आलं" याचं उत्तर तयार हवं.

चुलीच्या पावडरीची घट्ट गोळी होतच नाही असं नाही. बारीक कण खरं तर लवकर सिंटर होतात. पण पावडर फुललेली असते, डायमध्ये (गोळी दाबायच्या साच्यात) नीट बसत नाही. माझ्या पहिल्या सहा गोळ्या भट्टीतून पापडासारख्या तडकून आल्या, कारण जळलेली पावडर मी तशीच दाबली होती आणि तापमान भरभर चढवलं होतं. पावडर आधी 700-800 अंशांवर भाजा, घोटा, दोन-तीन टक्के पीव्हीए (कण धरून ठेवणारा चिकट पॉलिमर) घाला, आणि 500-600 अंशांवर तासभर थांबा, म्हणजे पीव्हीए शांतपणे जळून जाईल. हे सगळं केल्यावर लक्षात येतं की खल काही चुकला नाही, फक्त पुढे ढकलला गेला.

आता सोलापूरचं. फेरिक नायट्रेटचा वितळणबिंदू 47 अंश आहे. आपल्या मे महिन्यात बंद खोलीत बाटलीतले खडे चिकट व्हायला लागतात, आणि पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतात. मग तोललेल्या 34.5 ग्रॅममध्ये लोखंड किती आणि पाणी किती? प्रमाण तिथेच बिघडतं. ऑक्साइड मात्र ओव्हनमध्ये वाळवून निर्धास्त तोलता येतं. पाण्याचं तर बोलायलाच नको. काचेचं डिस्टिलेशन युनिट एक लिटर पाणी देताना थंड करायला त्याच्या कितीतरी पट पाणी वाहवतं, आणि नळाला रोज पाणी नसलेल्या गावात हा हिशोब धरावाच लागतो. खलाची अडचण विजेची: वळवाच्या पावसात वीज गेली की बारा तासांचं भाजणं मध्येच तुटतं. पण त्याने पावडर वाया जात नाही, घोटून पुन्हा ठेवता येते. चुलीला फ्यूम हूड (धूर ओढून बाहेर टाकणारं कपाट) चालू हवंच. तो तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो, खिडकी उघडून भागत नाही. शिवाय 10 ग्रॅमसाठीसुद्धा भांडं लिटरभराचं घ्या, नाहीतर अर्धी पावडर टेबलावर.

को-प्रेसिपिटेशनचा, म्हणजे द्रावणातून दोन्ही धातू एकत्र साका करून खाली बसवण्याचा, मोह होईल. सोडियम आणि क्लोराइड जाईपर्यंत धुवत बसायची तयारी असेल तरच करा, पाण्याचं वर सांगितलंच आहे. हायड्रोथर्मलला (दाबाखालच्या गरम पाण्यात बनवण्याला) ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब सोसणारं बंद भांडं, हवं आणि एका वेळी चिमूटभर माल निघतो. फ्लॅश सिंटरिंग, म्हणजे विजेचा दाब लावून क्षणात सिंटर करणं (2010, ऋषी राज यांचा कोलोरॅडोतला गट), वाचायला फार सुंदर, प्रोजेक्टला नको.

खलवाल्यांनी एक तपासणी विसरू नये. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीत) 33 अंशांजवळ छोटी रेघ दिसली तर फेरिक ऑक्साइड उरलंय. त्याची 35.6 जवळची रेघ फेराइटच्या मुख्य रेघेखाली लपते, म्हणून तिथे शोधून उपयोग नाही. पुन्हा घोटा, पुन्हा भाजा.

भाचीला डायइलेक्ट्रिक आणि चुंबकत्व मोजायचंय, सेन्सर नाही. तिला खल सांगितला. काल फोन आला: "मावशी, दोन तास घोटलं, हात भरून आलाय. बास का?" म्हटलं, चहा घे, अजून दीड तास आहे.