पक्षाघातानंतरचा हात: सक्तीचा सराव की आरसा?
सोलापुरात विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईचा हात पक्षाघाताने दुबळा झाला, तर चांगल्या हातावर दिवसाचा बहुतेक वेळ जाड मोजा चढवून दुबळ्या हाताकडूनच शेंगा सोलण्यासारखी कामे तासन्‌तास करवून घेणारी, साधारण दोन आठवड्यांची पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. मात्र मनगट सुमारे २० आणि बोटे १० अंश मागे उचलता आली, तरच ती सहसा सुचवतात. चालताना आणि तव्यापाशी मोजा काढावाच लागतो, आणि घरच्यांनी मदतीला न धावणे हे तर सर्वांत अवघड.

बोटे जेमतेमच हलत असतील, तर आरसा बरा: दुबळा हात त्यामागे ठेवून चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत दोन्ही हलवण्याचा प्रयत्न करायचा. खर्च नगण्य, पण नियमित उपचारांच्या जोडीनेच.